स्टॉकफिशचा कोड: फुकट आहे, पण खिडकी बेतानं उघडा

पुण्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला बुद्धिबळाचं इंजिन लिहिणाऱ्यांनी स्टॉकफिश या खुल्या बुद्धिबळ-इंजिनाचा कोड वाचावाच. किंमत शून्य, पुणेकराचा पहिला प्रश्न मिटला. बघण्यासारखी आहे ती अ‍ॅस्पिरेशन विंडो: इंजिन दर फेरीला एक चाल अधिक खोल शोधतं, तेव्हा आधीच्या फेरीच्या गुणांभोवती अरुंद अल्फा-बीटा (गुणांची खालची आणि वरची मर्यादा), गुण बाहेर गेले की खिडकी रुंदावून पुन्हा शोध. आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नका, ते त्याच्याच मूल्यमापनाला बेतलेत. नवख्या इंजिनाला खोली ५ (दोघांच्या मिळून पाच चाली पुढे) पासून, दोन्हीकडे अर्ध्या प्याद्याएवढी खिडकी पुरते. फसली तर त्याच बाजूला दुप्पट, मात दिसली की पूर्ण उघडी. गुण अल्फाखाली घसरलेले असताना वेळ संपला, तर त्या फेरीची चाल खेळू नका: प्रत्येक चालीला नुसती वरची मर्यादा मिळालेली असते, क्रम निरर्थक. तक्रार एकच, खिडकीचा कोड आहे त्याच फाइलमध्ये छाटणीच्या (बिनकामाच्या चाली न तपासता सोडण्याच्या) युक्त्या इतक्या गुंफल्यात की खिडकी शोधतानाच दमछाक होते.