तीन युटोपिया एकाच पुस्तकात: मजकुराला पाच स्टार, छपाईला दोन

ऑनलाइन मागवलं, अलिबागला पोचायला वेळ लागला पण पावसाचे दिवस आहेत तर तेवढं चालायचंच. एकाच पुस्तकात तीन जुन्या युरोपियन लेखकांचे युटोपिया, म्हणजे कल्पनेतल्या आदर्श राज्यांच्या गोष्टी: थॉमस मोरचं १५१६चं 'युटोपिया', कांपानेल्लाची सूर्यनगरी आणि बेकनचं 'न्यू अटलांटिस'. इंग्रजीत आहे हं.

खरी मजा मोरच्या शेवटच्या भागात, जिथे धर्माचा विषय येतो. त्याच्या युटोपिया बेटावर ज्याला जो पाहिजे तो धर्म पाळा, दुसऱ्याला पटवायचं तर शांतपणे पटवा, दमदाटी केलीत तर हद्दपारी नाहीतर गुलामी. एक नवाच ख्रिस्ती झालेला बाबा भर लोकांत तुम्ही सगळे नरकात जाणार म्हणून ओरडत सुटतो, तर त्याला उचलतात, आणि आरोप काय, धर्माचा अपमान नाही, दंगा माजवला हा! भारीच. पण तिथेही अट आहेच, आत्मा शरीराबरोबर मरतो म्हणणाऱ्याला शिक्षा नाही पण सरकारी पदही नाही. आणि हेच लिहिणारा मोर १५२९ला इंग्लंडचा चॅन्सलर, म्हणजे राजाचा बडा मंत्री, झाला तर त्याच्या काळात सहा जणांना पाखंडी म्हणून जिवंत जाळलं, पुढे १५३५ला राजाला चर्चचा प्रमुख मानेना म्हणून त्याचंच मुंडकं उडवलं. यावर पुस्तकात एका ओळीची टीप नाही, प्रस्तावनाच गायब!

मोरच्या पुस्तकात गोष्ट सांगणारा प्रवासी पोर्तुगीज, त्याला घरी परतायला जहाज मिळतं ते आपल्या कालिकतला. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१०ला आणि १५६०ला तिथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आणलं, तेव्हा रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट बघत वाढलेल्या माणसाला हे वाचताना हसावं की काय तेच कळत नाही.

कांपानेल्लाने नेपल्सच्या तुरुंगात बसून लिहिलंय पण मला नाही झेपलं, सगळी सत्ता एका मुख्य पुजाऱ्याकडे आणि मुलं कधी जन्माला घालायची तेही ज्योतिष बघून. बेकनच्या बेटावर जोआबिन नावाचा ज्यू व्यापारी मानाने राहतो, आता आमच्या अलिबागच्या इस्राएल आळीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, शनिवार तेली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, पिढ्यानपिढ्या इथलेच, त्यासाठी बेट कशाला शोधायला हवं!

छपाई मात्र भंगार. अक्षर मुंगीएवढं, मोरच्या धर्माच्याच पानांवर शाई पसरलेली, मधे दोन ओळी एकमेकींवर चढल्यात, बाइंडिंग आत्ताच सुटतंय. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. मुंबईला चक्कर असेल तर फोर्टच्या फुटपाथवर जुनी टीपांसकट आवृत्ती शोधा, ही नका घेऊ.