मूळ प्रत, रिइश्यू की ताजं काम: जुनं हाऊस-टेक्नो विकत घेताना

शिकागो हाऊस किंवा डेट्रॉइट टेक्नो या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची एखादी जुनी बारा इंची रेकॉर्ड घ्यायचं मनात आलं की पर्यायांची गर्दी होते. त्या काळची मूळ प्रत, अधिकृत रिइश्यू (नव्याने काढलेली आवृत्ती), जुने ट्रॅक गोळा केलेलं संकलन, डिजिटल फाइल, शिवाय त्याच कलाकाराचं आत्ताचं काम. 'जुनं ते सोनं' म्हणत थेट मूळ प्रतीवर उडी मारणारे पुष्कळ असतात. मीही त्यातलाच होतो. आता रेकॉर्ड उचलण्याआधी तीन गोष्टी बघतो: ती कुणी कापली (म्हणजे आवाजाची खाच कुणी कोरली), कसल्या प्लास्टिकवर दाबली आणि विकल्यावर पैसे कुणाच्या खिशात गेले. गंमत म्हणजे शिकागोसाठी याचं उत्तर एक येतं आणि डेट्रॉइटसाठी जवळपास उलटं.

आधी शिकागो. १९८४ साली सुरू झालेलं ट्रॅक्स रेकॉर्ड्स हे या संगीताचं सर्वांत गाजलेलं लेबल आणि निकृष्ट प्रेसिंगसाठीही तितकंच गाजलेलं. लेबलचे एक संस्थापक लॅरी शर्मन यांचा स्वतःचाच रेकॉर्ड दाबण्याचा कारखाना होता, आणि तिथे जुन्या रेकॉर्डी वितळवून त्याच प्लास्टिकवर नव्या दाबल्या जात, ही गोष्ट त्या काळचे लोक आजही हसत हसत सांगतात. ऐकताना मात्र हसू येत नाही. फ्यूचर या शिकागोच्या गटाचा १९८७ चा 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' घ्या. अकरा मिनिटांहून लांब ट्रॅक, एका बाजूवर सबंध. बाजू जितकी लांब तितक्या खाचा एकमेकींना खेटून बसवाव्या लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी खाली ठेवून कापावं लागतं. पातळी खाली गेली की प्लास्टिकची खरखर वर येते. मी मूळ प्रत आणि चांगला रिइश्यू पाठोपाठ लावून ऐकले आहेत. मूळ प्रतीत ३०३ या बेस-सिंथेसायझरची ती वळवळ चुलीवर काहीतरी तडतडत असल्यासारख्या खरखरीतून येते, रिइश्यूत ती मोकळी होते आणि किक ड्रमला तळ सापडतो. धुरकटपणातच खरी मजा आहे म्हणणारे आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण ऐकण्यासाठी घेत असाल तर इथे रिइश्यू घ्या.

कुठलाही रिइश्यू मात्र नको. शिकागोचे संगीतकार लॅरी हर्ड आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांनी २०२० मध्ये ट्रॅक्सवर खटला भरला होता. वर्षानुवर्षं रॉयल्टी मिळाली नाही, हक्कही आपल्याकडे नाहीत, ही त्यांची तक्रार. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि त्यांच्या रचनांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. त्यामुळे हर्डचा मिस्टर फिंगर्स या नावाने १९८६ साली आलेला 'कॅन यू फील इट' घेताना आवृत्ती कोणत्या सालची आणि कुणी काढलेली हे बघाच. जुन्या बाजारातली मूळ प्रत घेतली तर कलाकाराला काहीच मिळत नाही, हा हिशोबही सोबत ठेवा. संग्राहकाला भरलेली भली मोठी रक्कम ही फक्त संग्राहकाचीच कमाई असते.

डेट्रॉइटला गेलं की पारडं फिरतं. तिथल्या बऱ्याच रेकॉर्डी रॉन मर्फी नावाच्या माणसाने आपल्या नॅशनल साउंड कॉर्पोरेशनमध्ये कापल्या. मधल्या कागदी लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीवर दिवा तिरका धरलात तर हाताने कोरलेली 'एनएससी' ही अक्षरं दिसतात. ती दिसली की मी फारसा विचार करत नाही. मर्फी २००८ मध्ये गेले, पण त्यांचा कट आजही क्लबच्या स्पीकरवर छातीत बसतो. जेफ मिल्ससारख्या टेक्नो संगीतकारांना नेमकं काय हवंय हे कळणारा माणूस कटिंग मशीनवर बसलेला होता, हे त्याचं कारण.

मिल्सची १९९४ ची 'सायकल ३०' याचा उत्तम नमुना आहे. तिच्या एका बाजूला बंद खाचा आहेत, म्हणजे सुई आत सरकत नाही, त्याच गोल फेऱ्यात फिरत राहते. रेकॉर्ड मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या मधल्या, नेमक्या ३३⅓ वेगाने फिरते, म्हणून एक फेरा १.८ सेकंदांचा. त्या फेऱ्यात चार ठोके बसवले की वेग आपोआप मिनिटाला १३३ ठोक्यांच्या वर, अस्सल टेक्नोचा. तबकडीच इथे वाद्य झाली. अशी गोष्ट फाइल म्हणून घेण्यात अर्थ नाही.

हेच १.८ सेकंद मला एकदा दुसऱ्याच कारणाने उपयोगी पडले. एका छोट्या लेबलचा 'मूळ मास्टरवरून' काढलेला डिजिटल रिइश्यू घेतला होता. तिसऱ्या मिनिटाला जिथे ड्रम गळून फक्त सूर उरतो, तिथे हलकीशी टकटक ऐकू आली. टक... टक... टक. घड्याळ लावून मोजलं, बरोबर १.८ सेकंद. कुणीतरी आपल्या घरातली ओरखडा पडलेली रेकॉर्ड वाजवून रेकॉर्ड केली होती आणि वर मास्टरची पाटी लावली होती. तेव्हापासून रिइश्यू घेण्याआधी नमुन्यातला शांत भाग हेडफोनवर ऐकतो. बाकी काही तपासलं नाही तरी चालेल, हे तपासा.

दुकानदार सर्रास गोंधळ घालतात तो रिप्रेस आणि रिइश्यू या दोन शब्दांचा. रिप्रेस म्हणजे जुन्याच कटवरून पुन्हा दाबलेली प्रत. लेबलजवळची कोरीव अक्षरं तीच असतात. रिइश्यूसाठी नवं मास्टरिंग आणि नवा कट झालेला असतो. बर्लिनच्या बेसिक चॅनेल या टेक्नो लेबलच्या नव्वदीतल्या रेकॉर्डी वेळोवेळी पुन्हा दाबल्या जातात, म्हणून तिथे पहिल्या प्रतीच्या मागे धावण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. कोणती प्रत कोणत्या कटची हे डिस्कॉग्स या रेकॉर्डींच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर अक्षरांनिशी सापडतं. २००० साली ते सुरूच इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नोंदींसाठी झालं होतं, त्यामुळे या बाबतीत नोंदी फार बारीक आहेत.

वेष्टनावरच्या दोन पाट्यांना भुलू नका. '१८० ग्रॅम' ही पहिली. वजन वाढलं म्हणून खाच बदलत नाही. जड रेकॉर्ड हातात बरी वाटते, एवढंच. दुसरी, 'संपूर्ण ॲनालॉग'. अहो, ज्या ९०९ ड्रम मशीनवर हे सगळं उभं आहे तिचे हाय-हॅटच मुळात ६ बिटचे डिजिटल नमुने आहेत, आणि नव्वदीतले कित्येक मास्टर डॅटवर म्हणजे डिजिटल टेपवरच होते.

संकलनांचं गणित वेगळं. डेट्रॉइटच्या ड्रेक्सिया या जोडीच्या सुरुवातीच्या बारा इंची रेकॉर्डी दुर्मीळ झाल्यावर रॉटरडॅमच्या क्लोन लेबलने २०११ पासून 'जर्नी ऑफ द डीप सी ड्वेलर' या नावाने चार खंड काढले. आवाज स्वच्छ, ट्रॅक भरपूर. पण मूळ रेकॉर्डींचा क्रम मोडला, आणि जेम्स स्टिन्सन-जेराल्ड डोनाल्ड या जोडीची प्रत्येक रेकॉर्ड म्हणजे समुद्राखालच्या एका कथेचा तुकडा होता. तो धागा संकलनात हरवतो. तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी हेच खंड सुचवीन. एकेक मूळ प्रत जमवायला उमेद आणि पैसा दोन्ही लागतात.

याच्याही पुढचा प्रकार म्हणजे त्या काळी बाहेरच न आलेलं संगीत. अ‍ॅमस्टरडॅमच्या रश अवर लेबलने शिकागोच्या व्हर्गो फोरचा १९८९ चा अल्बम २०१० मध्ये पुन्हा काढला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जुन्या टेपांमधून 'रिझरेक्शन'. नाव जुनं, साल जुनं, पण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने नवीकोरी गोष्ट. इथे मूळ प्रत की रिइश्यू हा वादच उरत नाही, आणि मला हा सर्वांत फायद्याचा सौदा वाटतो.

राहता राहिलं ताजं काम, ज्याकडे जुन्याचे भक्त बघतही नाहीत. लॅरी हर्डने मिस्टर फिंगर्स या नावाने दोन दशकांहून अधिक काळानंतर २०१८ मध्ये 'सेरेब्रल हेमिस्फिअर्स' काढला, तोही स्वतःच्याच अ‍ॅलेव्हिएटेड लेबलवर. त्यात ऐंशीतली भूक नाही, हे खरं. त्याऐवजी जाझची सैल बैठक आहे आणि पैसे कुणाला जातात याची चौकशी करावी लागत नाही. बेसिक चॅनेलवाल्या मोरित्झ फॉन ओस्वाल्डने २०२३ मध्ये ट्रेझॉर लेबलवर 'सिलेन्सिओ' काढला, गायकवृंद घेऊन. त्यावर नाचायला जाल तर निराश व्हाल; रात्री दिवे मालवून ऐकायची चीज आहे.

हातात तीनच रेकॉर्डींचे पैसे असतील तर माझी निवड: व्हर्गो फोरचा रिइश्यू, ड्रेक्सियाचा पहिला खंड आणि हर्डचा २०१८ चा अल्बम. चौथीसाठी पैसे साठले की मग दिवा तिरका धरून 'एनएससी' शोधायला लागा.