काळवीट, माळढोक, लांडगा: पेन्सिलचित्रामागे कोरा कागद, राखाडी की काळं?

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळावरच्या फोटोवरून पेन्सिलचित्र करताना एक अडचण हमखास येते. उन्हाळ्यात गवत वाळून फिकट झालेलं, आकाश पांढुरकं. नर काळविटाची पाठ ठसठशीत दिसते, पण पोटाचा पांढरा भाग कागदात विरून जातो. मग 8बी ही मऊ, गडद पेन्सिल उचलून पाठ आणखी काळी केली जाते आणि पोट होतं तिथेच राहतं. पांढरं दिसायला त्याच्या मागे गडद काहीतरी हवं, म्हणून पार्श्वभूमी आधी ठरवा.

कोरा कागद सर्वांत सोपा. अंग बहुतांशी गडद असेल तर तो पुरतो. खुरांखाली सावली आणि 2एच या कडक, फिकट पेन्सिलने गवताच्या थोड्या काड्या दिल्या की जनावर हवेत तरंगत नाही. माळढोकाच्या नराला मात्र हा पर्याय देऊ नका. त्याची टोपी काळी आणि मान पांढरी. कोऱ्या कागदावर मान नाहीशी होते आणि तिला रेघेने बांधलं की पिसांचा मऊपणा जातो.

माळढोकासाठी ग्रॅफाइट पावडरचा (पेन्सिलच्या शिशाच्या भुकटीचा) राखाडी थर हाच खरा उपाय. 4बीचं टोक सँडपेपरवर घासून पावडर घरीच करता येते; ए-4 कागदाला चिमूट-दोन चिमूट पुरते. कोरड्या मऊ ब्रशला पावडर लावा, आधी रद्दी कागदावर झटका, मग गोल गोल फिरवत तीन-चार पातळ थर द्या. मानेमागे गडद, वर जाताना हळूहळू फिकट आणि टोपीमागे जवळजवळ कागदाचा रंग. एकाच पार्श्वभूमीवर पांढरी मान आणि काळी टोपी दोन्ही उठून दिसतात. मानेवर सांडलेली पावडर नीडेड इरेझर (कणकेसारखा मळता येणारा खोडरबर) टेकवून उचला, घासू नका. काठ सगळीकडे सारखा धारदार ठेवू नका. पाठीचा काठ मागच्या राखाडीत थोडा मिसळू द्या, डोळ्याजवळचा स्वच्छ ठेवा.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये यात एक धोका आहे. घामट बोट कागदाला लागलं की त्या जागी पावडर जास्त धरते आणि बोटाचा ठसा खोडूनही जात नाही. हाताखाली कोरा कागद ठेवा, पावडर लावताना पंखा बंद करा आणि हे काम सकाळीच उरका. कागद 150 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 150 ग्रॅम वजनाचा) किंवा जाड, किंचित दाणेदार घ्या. फार गुळगुळीत कागदावर गडद थर चढत नाही, फार खरखरीत कागदावर पांढरे ठिपके राहतात.

पूर्ण काळी पार्श्वभूमी सर्वांत नाट्यमय आणि सर्वांत वेळखाऊ. ग्रॅफाइट दाबून काळं केलं तर चकाकतं; उजेडात ते काळ्याऐवजी रुपेरी दिसतं. मॅट काळ्यासाठी कार्बन पेन्सिल किंवा चारकोल (चित्रकलेचा कोळसा) लागतो. पण चकाकलेल्या ग्रॅफाइटवर चारकोल घसरतो, म्हणून तो कोऱ्या कागदावर आधी लावा. पांढरे केस राखायचे असतील तर शाई संपलेल्या बॉलपेनने कागदावर आधीच खाचा पाडा; वरून काळं फिरवलं तरी त्या पांढऱ्या राहतात. शेवटी फिक्सेटिव्ह (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) साधारण 30 सेंटिमीटरवरून, दोन हलके थर. त्यानंतर नीट खोडता येत नाही आणि छटाही किंचित गडद होते.

लांडग्याला पूर्ण काळं नको. त्याचं अंग वाळक्या गवताच्याच छटेचं, त्यामुळे मागे काळं भरलं की तो कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मध्यम राखाडी घ्या आणि सर्वांत गडद छटा नाक, डोळे आणि कानाच्या आतल्या सावलीपुरती राखून ठेवा. गर्द सावलीतून एकटं डोकं बाहेर आलेलं दाखवायचं असेल, तरच काळ्याचा विचार करा.

ठरत नसेल तर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तिन्ही पार्श्वभूमी फक्त तीन छटांत करून पाहा, मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा आणि तो अंगठ्याएवढा लहान करा. ज्यात जनावर ओळखू येतं तीच निवडा. तिन्ही सारख्याच वाटल्या तर कोरा कागद ठेवा. राखाडी नंतरही चढवता येते.