बॅलास्ट भरतो सहा मिनिटांत, पण रिकामा होतो का? वेकबोटीत स्वतः बसवलेली सिस्टीम, दोन उन्हाळ्यांनंतर

‘इम्पेलर कोरडा चालल्यामुळे तुटला आहे, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.’ बॅलास्ट म्हणजे मागची लाट मोठी व्हावी म्हणून बोटीत भरायचं पाण्याचं वजन; त्याचं किट विकणाऱ्याचा हा शेवटचा मेल. इम्पेलर म्हणजे पंपात फिरणारं रबरी पात्यांचं चाक. पंप कोरडा का चालला याचं कारण त्याच्याच किटमध्ये आहे. फोटो काढून, बाण दाखवून कळवलं, तरी उत्तर तेच. जे स्वतः बॅलास्ट बसवायच्या विचारात आहेत त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

बोट २१ फुटी, व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागे असलेली), वापरलेली घेतलेली, फॅक्टरी बॅलास्ट नसलेली. आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो, बोट ट्रेलरवर घरीच असते. मरीनामध्ये दर महिन्याला स्लिपचं (बोट बांधायच्या जागेचं) भाडं भरणं मला पटत नाही. डीलरने बॅलास्ट बसवून द्यायचे चार हजार डॉलरच्या वर सांगितले. मी आणि मेव्हण्याने मिळून गॅरेजमध्ये अठराशेच्या आसपास काम उरकलं. मागे इंजिनच्या दोन्ही बाजूंना ५५० पौंडाची एकेक सॅक (पाणी भरायची पिशवी), पुढे ३५० पौंडाची एक, तीन रिव्हर्सिबल इम्पेलर पंप, आणि तिघांना मिळून दीड इंची एकच थ्रू-हल, म्हणजे बोटीच्या तळातून पाणी आत घेणारं फिटिंग. एकूण १४५० पौंड, म्हणजे साधारण ६६० किलो पाणी. बोटीच्या क्षमतेच्या पाटीवर जे वजन लिहिलेलं असतं त्यात माणसांबरोबर हे पाणीही धरायचं. बोटीत गर्दी असली की आम्ही पुढची सॅक भरतच नाही.

एरेटर पंप का नाही, हे बरेच जण विचारतात. स्वस्त असतात हे खरं. पण ते स्वतःहून पाणी ओढत नाहीत, पाण्याच्या पातळीखालीच बसवावे लागतात, आणि प्रत्येक सॅकला भरायला एक आणि काढायला एक असे दोन-दोन लागतात. गावाकडे विहिरीवरची मोटर ज्यांनी चालवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको: पंपाने एकदा हवा धरली की मोटर नुसती घुमते, पाणी उचलत नाही. मित्राच्या बोटीवर हेच होतं. थ्रू-हलमध्ये पाणी दाबलं जावं म्हणून तो बोट थोडी मागे घेतो, मग परत बटण दाबतो. इम्पेलर पंप स्वतः पाणी खेचतो आणि स्विच उलटा केला की तोच रिकामंही करतो. शिवाय थांबलेला असताना त्याच्या रबरी पात्या वाट बऱ्यापैकी अडवून धरतात, त्यामुळे बोट चालताना सायफन लागून सॅक आपोआप रिकामी होत नाही. पहिल्या महिन्यात मी याच पंपांना पैकीच्या पैकी गुण दिले असते.

बसवण्याबद्दल थोडक्यात. पाण्याखालचं फिटिंग ब्राँझचंच घ्या. साध्या पितळेतलं जस्त पाण्यात हळूहळू झिजून जातं आणि धातू ठिसूळ होतो, आणि पीव्हीसीचा तर विचारही नको. थ्रू-हलवर लगेच बॉल व्हॉल्व्ह हवाच. पायलट भोक आतून पाडा, मग बाहेरून मास्किंग टेप लावून होल सॉ चालवा, म्हणजे गेलकोटचे (बोटीच्या बाहेरच्या चकचकीत थराचे) टवके उडत नाहीत. कापलेल्या कडेला इपॉक्सी भरल्याशिवाय सीलंट लावू नका. पेट्रोलच्या इंजिनशेजारी पंप बसवत असाल तर तो इग्निशन-प्रोटेक्टेड आहे असं लिहिलेलं पाहूनच घ्या. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पेट्रोलची वाफ साचलेली असताना साध्या मोटरची एक ठिणगी पुरते. इथे पाच डॉलर वाचवायचे नाहीत, हे मी काटकसरी माणूस म्हणून सांगतोय. प्रत्येक पंपाला वेगळा फ्यूज, आणि तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या. साधं तांबं ओलसर जागेत आतल्या आत काळं पडतं.

आता वेकबद्दल, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटेबद्दल, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. फरक एवढा पडला की पहिल्या दिवशी मी मागे वळून बघतच राहिलो. आधी २२ मैलांच्या वेगाला मागे एक पसरट, मऊ उंचवटा यायचा. आता स्वच्छ उभी लाट येते, कडा धरून राहते. माझी भाची शाळेत असल्यापासून बोर्ड चालवते. तिला जुन्या वेकवर एका बाजूने उडून दुसऱ्या बाजूला उतरता यायचं नाही, मध्येच पडायची. त्या दिवशी दुपारी ती पलीकडे उतरली आणि दोर न सोडता तशीच पुढे गेली. मेव्हणा आणि मी एकदमच ओरडलो. मग तीच सांगायला लागली, ‘मामा, थोडं पुढे टाक, फार उभी येतेय.’ तिचं बरोबर होतं. सगळं वजन मागे ठेवलं की लाट उंच पण आखूड आणि खडी होते. पुढे पाणी भरलं की तिचा उतार लांबतो आणि चढायला सोपं जातं. नवशिक्या माणसासाठी आम्ही पुढची सॅक पूर्ण आणि मागच्या अर्ध्याच भरतो. वजन वाढल्यावर बोट प्लेनवर यायला, म्हणजे वर उचलून पाण्यावरून सरपटायला, वेळ लागायला लागला, म्हणून कमी पिचचा (एका फेरीत बोट कमी पुढे ढकलणारा) प्रोपेलर बसवला. कमाल वेग थोडा गेला, पेट्रोल जास्त लागतं, पण वेकबोर्डिंगला तो वेग लागतच नाही.

भरायला मागच्या सॅकला सहा मिनिटं लागतात. ५५० पौंड म्हणजे सुमारे २५० लिटर, त्या हिशेबाने ठीकच. सगळे रिव्ह्यू याच आकड्याभोवती फिरतात: किती मिनिटांत भरली. मला आता वाटतं की हा प्रश्नच दुय्यम आहे. सॅक रिकामी किती होते ते विचारा.

टेक्सासमध्ये झीब्रा मसल (झपाट्याने पसरणारे छोटे परके शिंपले) पहिल्यांदा २००९ मध्ये लेक टेक्सोमात सापडले आणि २०१७ मध्ये आमच्या लेक ट्रॅव्हिसमध्ये. त्यांची अळी डोळ्यांना दिसत नाही, पेलाभर पाण्यातूनही दुसऱ्या तलावात जाते, आणि मग पाइप, पंपांची तोंडं, धक्क्याचे खांब, सगळ्यावर धारदार शिंपल्यांचा थर चढतो. म्हणून २०१४ पासून राज्यभर नियम आहे: सार्वजनिक गोड्या पाण्यात जाताना आणि तिथून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढलेलं हवं. मसल वाहून नेताना सापडलात तर पहिल्याच वेळी ५०० डॉलरपर्यंत दंड. आणि २०२३ मध्ये ट्रॅव्हिसचं पाणी, जे तलाव पूर्ण भरल्यावर ६८१ फुटांवर असतं, ६३० च्या आसपास उतरलं. रॅम्प एकामागून एक बंद झाले. मग आम्ही बोट घेऊन लेक एलबीजेला जायला लागलो, कारण तिथली पातळी जवळजवळ स्थिर ठेवतात. म्हणजे बोट एका तलावातून दुसऱ्यात. अशा वेळी सॅकमध्ये राहिलेलं पाणी ही किरकोळ गोष्ट राहत नाही. ज्या तलावात आमची मुलं पोहतात तिथे ही कीड आपल्या बोटीतून गेली, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

पंपाचा आवाज बदलला, बाहेर पडणारी धार तुटली, म्हणजे सॅक रिकामी, असं कोणालाही वाटेल. मेव्हण्याला शंका आली. त्याने लॉकर उघडून सॅक हाताने दाबली तर आत पाणी डचमळलं. घरी फिटिंग सोडवून बादलीने मोजलं: एका मागच्या सॅकमध्ये १६ लिटर. दुसरीत थोडं कमी. एवढं पाणी आम्ही रस्त्याने फिरवत होतो.

कारण दोन. एक, किटमध्ये व्हेंटच्या (सॅकमधली हवा बाहेर जायच्या) नळीवर चेक व्हॉल्व्हच, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारा व्हॉल्व्हच, नव्हता. व्हेंट मोकळा असला की पंप पाण्याऐवजी तिथून हवा ओढतो. सॅक फुग्यासारखी ताठ राहते, तळाचं पाणी तळाशीच, आणि पंप कोरडा चालत राहतो. दोन, चेक व्हॉल्व्ह मी पदरचे पैसे घालून बसवला तर सॅक आकसायला लागली खरी, पण शेवटी वरचा पदर खालच्या तोंडावर येऊन चिकटायचा आणि तोंड बंद. पंप पुन्हा कोरडा. इम्पेलरला आतून वंगण लागतं ते पाण्याचंच.

पंपाचे चार स्क्रू काढून झाकण उघडलं तेव्हा एक पाती बुडापासून तुटलेली, दोघींच्या टोकांना करपल्यासारखी चकाकी, आणि झाकणावर आतून रबराची काळी वर्तुळं. तुटलेली पाती पंपात नव्हती. ती शोधल्याशिवाय नवा इम्पेलर घालू नका. आमची होजच्या वळणात सापडली, नाहीतर पुढे जाऊन चेक व्हॉल्व्हच अडकवला असता. नवा इम्पेलर घालताना ग्रीस नको, भांड्यांचा साबण लावून पिळत आत ढकला.

विक्रेत्याचं म्हणणं, सॅकमध्ये ‘थोडं पाणी राहणं स्वाभाविक आहे.’ १६ लिटर हे थोडं नाही. ज्या राज्यात बोट कोरडी करणं कायद्याने बंधनकारक आहे तिथे किट विकताना वीस डॉलरचा चेक व्हॉल्व्ह वगळायचा, आणि त्यामुळे पंप कोरडा चालला की वॉरंटी नाकारायची, हे मला मान्य नाही. इम्पेलरच्या किमतीसाठी मी एवढं लिहीत नाहीये. पुढच्या गिऱ्हाइकाला किटबरोबर तो व्हॉल्व्ह द्या, एवढंच मागितलं होतं. त्यावर उत्तर आलं नाही.

उपाय सापडला तो साधा आहे. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतला, चहूबाजूंनी ड्रिलने भोकं पाडली, सगळ्या कडा आणि टोक पॉलिश पेपरने गोल केलं म्हणजे सॅकला बोचणार नाही, आणि फिटिंगच्या आतल्या टोकाला घट्ट बसवून सॅकच्या तोंडातून आत सरकवला. आता वरचा पदर चिकटला तरी पाणी भोकांतून येत राहतं. शिवाय मागच्या सॅक फिरवून त्यांची तोंडं अगदी मागच्या, खालच्या कोपऱ्यात आणली आणि दुसऱ्या टोकाखाली फोमची पट्टी सारली. बरंचसं पाणी तलावातच सोडतो, बोट रॅम्पवरून वर आली की ट्रेलरचा पुढचा जॅक वर घेतो आणि पंप परत थोडा वेळ चालवतो. बादलीने पुन्हा मोजलं तेव्हा लिटरभरही निघालं नाही. तेवढंही घरी आल्यावर फिटिंग सोडून, तोंडं उघडी ठेवून वाळवतो. बदल केल्यापासून एकाही पंपाची पाती तुटलेली नाही.

त्यामुळे माझं मत आता असं: रिव्हर्सिबल इम्पेलर पंप पुन्हा घेईन, पण दर पंपामागे एक जादा इम्पेलर आधीच घेऊन ठेवीन. सॅक उत्तम, शिवणीला कुठेही गळती नाही, पुन्हा त्याच घेईन. तयार किट मात्र घेणार नाही. सुटे भाग निवडून घेतले तर दीडशे डॉलर वाचतात आणि चेक व्हॉल्व्ह स्वतःच्या मनासारखा येतो. सॅक मागवण्याआधी विक्रेत्याला विचारा की पाणी काढायचं तोंड कोणत्या कोपऱ्यात आहे आणि व्हेंटचं कुठे. दोन्ही एकाच बाजूला वर असतील तर ती सॅक घेऊ नका.

थंडीचं राहिलं. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळानंतर ऑस्टिनमध्ये कोणी ‘इथे कुठे गोठतंय’ म्हणत नाही. पंपाच्या पोटात पाणी राहिलं तर गोठून झाकण तडकतं. नोव्हेंबरमध्ये सॅक सोडवून घ्या, होजमधून आरव्हीसाठी मिळणारं गुलाबी अँटिफ्रीझ पंप फिरवून ओढा, ते दुसऱ्या टोकाला रंगीत दिसेपर्यंत चालवा, आणि बॉल व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवा, कारण पूर्ण बंद केला तर गोळ्याच्या आत पाणी अडकून राहतं.