बातिस्तुता की क्रेस्पो: नऊ नंबरला खेळणाऱ्याने आधी कोणाला पाहावं?

बातिस्तुता आणि क्रेस्पो हे अर्जेंटिनाचे दोन गाजलेले फुटबॉलपटू, दोघेही नऊ नंबर, म्हणजे गोल करणारे मुख्य आघाडीपटू. 2002 च्या विश्वचषकात प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी या दोघांना एकत्र खेळवलंच नाही. तिन्ही सामन्यांत सुरुवात बातिस्तुताने केली आणि तिन्ही वेळा त्याच्या जागी क्रेस्पो आला. नायजेरियाविरुद्ध बातिस्तुताने कॉर्नरवर हेडर मारून गोल केला, तर स्वीडनविरुद्ध सहकारी ओर्तेगाची अडवलेली पेनल्टी परत आली तेव्हा क्रेस्पो तिथे हजर होता. दोघांचा स्वभाव या दोन गोलांतच दिसतो.

2000-01 चा मोसमही पाहा. शहर एकच, रोम. लाझिओकडून 26 गोल करून क्रेस्पो सेरी आचा (इटलीच्या अव्वल लीगचा) सर्वाधिक गोल करणारा ठरला. रोमाकडून बातिस्तुताने 20 केले, पण विजेतेपद रोमाने जिंकलं.

लोकप्रियतेत मात्र बरोबरी नाही. 1993 मध्ये फ्लोरेन्सचा क्लब फिओरेंतिना दुसऱ्या श्रेणीत घसरला तेव्हा बातिस्तुता सोडून गेला नाही. संघाला वर आणलं आणि 1994-95 मध्ये पहिल्या सलग 11 सामन्यांत गोल केले. फ्लोरेन्समध्ये त्याचा पुतळा उभा राहिला तो या निष्ठेमुळे. क्रेस्पो पार्मानंतर लाझिओ, इंटर, चेल्सी, मिलान असा फिरत राहिला. चाहते सगळीकडे मिळाले, पण 'आमचा' म्हणणारं शहर पार्माच. अर्जेंटिनासाठीही बातिस्तुताचे 54 गोल, क्रेस्पोचे 35.

पण प्रश्न शिकण्याचा असेल, तर आमचं मत क्रेस्पोच्या बाजूने आहे. बातिस्तुताचा फटका पाहून मुलं लांबून जोर लावतात, शरीर मागे झुकतं आणि चेंडू बारवरून जातो. 1999 मध्ये वेम्बलीवर आर्सेनलविरुद्ध त्याने अवघड कोनातून वर मारलेला गोल पाहताना चेंडूकडे नको, टेकवलेल्या पायाकडे पाहा: तो चेंडूच्या बाजूला असावा लागतो, छाती चेंडूवर. हे जमायला ताकद लागते, आणि त्या ताकदीची किंमत त्याच्या घोट्यांनी निवृत्तीनंतरही मोजली.

क्रेस्पोची हालचाल बारीक अंगाच्या मुलालाही जमते. क्रॉस (मैदानाच्या बाजूने गोलासमोर टाकलेला चेंडू) येण्याआधी एक-दोन पावलं दूरच्या खांबाकडे, बचावपटूच्या पाठीमागे. बचावपटूची नजर चेंडूकडे गेली की दोन-तीन झपाट्याची पावलं जवळच्या खांबाकडे. चूक होते ती घाईने. क्रॉस मारणाऱ्याने मान वर करण्याआधी धाव सुरू केली, तर बचावपटूही सोबत येतो. 2005 च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यातला क्रेस्पोचा दुसरा गोल थांबवून थांबवून पाहा: मिलानमधला सहकारी, ब्राझीलचा काका याचा पास सुटतो तेव्हा त्याची धाव, मग चेंडू न अडवता पहिल्याच स्पर्शात गोलरक्षकावरून हलकेच उचलणं.

उंच, दणकट खेळाडू असेल आणि संघ सरळ चेंडू पुढे टाकत असेल, तरच बातिस्तुतापासून सुरुवात करा.