घोडेस्वारीचा लांब रेनकोट: दोन पावसाळ्यांनंतरचे मत

घोड्यावर बसलेल्या माणसाला पाऊस डोक्यापेक्षा मांडीवर अधिक लागतो, हे मला माथेरानच्या एका जुलैत कळले. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नसल्याने तांबड्या चिखलाच्या वाटेवर मी घोडा केला होता आणि अंगात साधा रेनकोट होता. जीनवर बसताक्षणी त्याचे पुढचे पदर दोन्ही बाजूंना सरकले, जीन्स गुडघ्यापासून वरपर्यंत भिजली आणि ते ओले कापड घासून मांड्या सोलवटल्या. त्यानंतर मी खास घोडेस्वारीसाठी शिवलेला लांब कोट साडेपाच हजार रुपयांना मागवला. तो आता दोन पावसाळे वापरून झाला आहे.

या कोटाची खरी करामत मागच्या बाजूला आहे. कंबरेखालून तो उभा चिरलेला असून चिरेच्या आत पंख्यासारखा घडीचा जादा तुकडा जोडला आहे. बसल्यावर ही घडी उलगडते आणि जीनचा मागचा भाग झाकते, त्यामुळे बैठकीखाली पाणी साचत नाही. आतल्या बाजूस प्रत्येक मांडीभोवती बांधायचा एकेक पट्टा आहे. तो बांधला की दुडक्या चालीतही पदर उडत नाही, आणि हे केवळ आपल्या सोयीचे नाही, कारण फडफडणाऱ्या प्लास्टिकला घोडा बुजतो. वाऱ्याने फुगणारा पोंचो आणि उघडी छत्री मी याच कारणासाठी घोड्यावर कधीच घेणार नाही.

दोष मात्र बाह्यांत आहे. लगाम धरताना हात पुढे जातात, तेव्हा बाही मनगटापासून चांगली चार बोटे वर सरकते आणि तिथून पाणी थेट कोपरापर्यंत ओघळते. शार्लोट तलावाच्या वाटेवर अर्ध्या तासात माझ्या स्वेटरच्या बाह्या पिळण्याजोग्या झाल्या होत्या. शिवाय गळ्याशी वेल्क्रो आहे. घोड्यावर बसून तो ओढला तर त्याच्या करकर आवाजाने घोडा दचकतो, म्हणून तो खाली उभे असतानाच लावावा. या किमतीत तिथे बटणे द्यायला हवी होती.

कोटाच्या आत सुती कपडा नको. भिजलेले सूत अंगाला चिकटून गारठा वाढवते, उलट लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. धनगर पावसात घोंगडी पांघरतो ते उगीच नव्हे. हातमोजे रबरी ठिपक्यांचे घ्यावेत, कारण ओला चामडी लगाम बोटांतून निसटतो. जाड, खोल खाचांचे गमबूट चिखलात उत्तम असले तरी ते रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, अडकू शकतात आणि पडताना पाय सुटला नाही तर जिवावर बेतते. त्यापेक्षा इंचभर टाच आणि तुलनेने सपाट तळ असलेला बूटच बरा.

पहिल्या वर्षी कोटावरून पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळत. दुसऱ्या वर्षी मी तो धुण्याच्या पावडरीत धुतला आणि खांद्यांवर पाणी मुरू लागले. जलरोधक लेपाचा फवारा मारल्यावर फरक पडला, पण पहिल्यासारखा नाही. तेव्हापासून चिखल वाळू देऊन मऊ ब्रशने झाडते, साध्या पाण्याने पुसते आणि कोट सावलीत टांगते.