दार ठोठवावं की फोन फिरवावा?
अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात स्वयंसेवक व्हायचं तर मुख्य वाटा दोन: घरोघर फिरणं किंवा फोन करणं. न्यू जर्सीतून शनिवारी गाडी काढून पेनसिल्व्हेनियात जाणं जमत असेल, तर माझा कौल दारांनाच. चुरस तिकडे असते.

डेमोक्रॅटिक पक्षाकडून गेलात तर ‘मिनीव्हॅन’ ॲपवर गल्लीतले पत्ते आणि मतदारांची नावं मिळतात. बेल वाजवायची आणि दोन पावलं मागे सरकायचं, म्हणजे दार उघडणारा बिचकत नाही. बरीच दारं उघडतच नाहीत. मग पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं. टपालपेटीत मात्र टाकायचं नाही, कायद्याने मनाई आहे. (कुत्रा दिसला तर पत्रकाचाही मोह सोडावा!)

फोन घरबसल्या होतात, तासाभरात कितीतरी जास्त लागतात. पण अनोळखी नंबर उचलतो कोण? १९९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी प्रयोग केला, तेव्हा प्रत्यक्ष भेटींनी मतदान वाढलं, फोननी नाही. गुडघे कुरकुरत असतील तर फोन बरा.

एच-वन-बी व्हिसावर असाल, मताचा हक्क नसेल, तरी बिनपगारी स्वयंसेवक म्हणून दोन्ही कामं करता येतात.